साऱ्या घळीने ऐकलेली मागणी

नाबोर आर्सेच्या घळीत प्रत्येक घरी दोन गोष्टी असायच्याच: चुलीवर कॉफीचं भांडं आणि भिंतीला टांगलेला रेडिओ. गाण्यांचा नव्हे, बोलायचा. बाहा कॅलिफोर्नियाच्या त्या डोंगरात टेलिफोनची तार कधी पोचली नाही आणि मोबाइल नुसता वेळ बघायला कामाला येतो. म्हणून घरोघरी गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक रेडिओ, त्याला पिळाची वायर आणि वायरच्या टोकाला मुठीत मावणारा माइक. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की बाकीच्यांचं ऐकायचं. शिखरावर खांब उभारलेला असल्यामुळे डोंगरातल्या शेळीपालकांपासून थेट समुद्रावरच्या मासेमारांपर्यंत सगळे एकाच चॅनलवर. कुणाची शेळी व्याली, कुणाचा जावई रुसला, हे सगळ्यांना एकदमच कळायचं. त्यामुळे मनातलं काही रेडिओवर बोलायचं नाही, हा तिथला न लिहिलेला कायदा होता, आणि नाबोरने तो जन्मभर पाळला होता. तसा तो रेडिओ नसतानाही फारसं बोलत नसे, हा भाग वेगळा.

आदल्या संध्याकाळी याच रेडिओवरून बातमी आली. पुन्ता सेकाच्या किनाऱ्यावर खानावळ चालवणारी एर्मेलिंदा कोता, मानाने दोन्या एर्मेलिंदा, उद्या दुपारी मासे नेणाऱ्या बर्फाच्या गाडीने एन्सेनादाला मुलाकडे निघाली, कायमची. सांगणाऱ्याने ही बातमी माशांच्या भावानंतर आणि वाऱ्याच्या अंदाजाआधी सांगून टाकली. नाबोर जेवत होता. त्याने हातातली तोर्तिया ताटात ठेवली आणि परत उचलली नाही.

त्याची मुलगी दामियाना सुट्टीला म्हणून शहरातून आली होती. तिचं तिथे गॅरेज होतं आणि रुसलेल्या इंजिनांशी तिचं माणसांपेक्षा बरं जमायचं. बापाने तिला सांगितलं की उद्या पहाटे पुन्ता सेकाला जायचंय, चीज द्यायचंय, आणि माझा गुडघा दुखतोय म्हणून गाडी तू चालव. दामियानाने गुडघ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. एवढ्या घाईने चीज पोचवायला निघालेला माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

घाई मात्र खरीच होती. घळीतून खाली उतरलं की मिठागरांचा सपाट माळ लागतो आणि त्यापुढे कड्याच्या पायथ्याने समुद्राच्या काठाकाठाने जावं लागतं. रस्ता म्हणजे ओली वाळू. ओहोटी असेल तोवर गाडी जाते, भरती आली की तिथे मासे पोहतात. दुपारी बर्फाची गाडी निघणार आणि दुपारीच पाणी चढणार. मधे कुठे खोळंबून चालणार नव्हतं.

पहाटे त्यांची जुनी पिकअप घळीत उतरली. वाट म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र, त्यात हंड्याएवढे दगड. नाबोरचा गुडघा अचानक बरा झाला होता, कारण तो दर वळणावर पाय आपटून नसलेला ब्रेक दाबत होता. दामियानाने त्याला एकदा बजावलं की आपा, एक तर तुम्ही चालवा, नाही तर मी. मग तो खिडकीबाहेर बघत बसला आणि तोंडाने मात्र डावीकडे घे, उजवीकडे घे चालूच ठेवलं. पिकअपमधल्या माइकचा आकडा केव्हाच तुटला होता, म्हणून माइक दोघांच्या मधे सीटवरच लोळत असे. त्याच सीटवर नाबोरने चीजचं लाकडी खोकं ठेवलं होतं. मागे ठेवलं तर धूळ बसेल म्हणून.

पात्रात एका जागी खडकाच्या पायऱ्या आहेत. दामियाना सगळ्यात खालच्या गियरमध्ये एकेक चाक खाली सोडत उतरली. गाडी पुढे कलली, खोकं सरकलं आणि नेमकं माइकवर जाऊन बसलं. बटण दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं. बटण दाबलेलं असताना समोरच्याचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे रेडिओ एकदम गप्प झाला. नाबोर म्हणाला की आज सगळे झोपलेत वाटतं. झोपलं कुणीच नव्हतं. त्या क्षणापासून पिकअपमध्ये निघालेला प्रत्येक शब्द शिखरावरच्या खांबावर चढून घराघरात उतरत होता. ही गोष्ट बापलेकीला पुढे कळायची होती, आपण आधी जाणून घेतलेली बरी.

पायऱ्या उतरल्यावर दामियानाने आधी गाडी सरळ केली आणि मग बापाला धरलं.

"आपा, आता खरं सांगा. चीज कुणासाठी?"

"खानावळीसाठी."

"खानावळ आज बंद होतेय."

घळ तिथे इतकी अरुंद होते की दोन्ही बाजूंचे आरसे आत वळवून घ्यावे लागतात. खडकाला दरवाजा घासू नये म्हणून दोघांनी उगाच श्वास रोखला. पलीकडे ताडांची झाडं आणि त्यांच्याखाली हिरव्या पाण्याचं डबकं होतं. पाण्यातून गाडी बाहेर निघाली आणि नाबोरचं तोंड उघडलं. एकदा उघडलं ते मग मिटेना.

पुन्ता सेकात चीज कुणी खात नाही, हे त्याने कबूल केलं. मासेमारांना त्याचा वास चालत नाही. अर्धं दोन्या एर्मेलिंदा स्वतः विकत घेते आणि उरलेलं तो परतताना घळीतल्या म्हाताऱ्या दोन्या त्रिनिदादच्या दारात उतरवतो, तुझ्यासाठी खास राखून ठेवलं असं सांगून. त्रिनिदाद भोळी आहे, तिला खरं वाटतं. एर्मेलिंदाबद्दल म्हणाल तर बाईचं सूप खारट, अगदी समुद्रातून भरून आणल्यासारखं. बोलणं अखंड. त्याच्या टोपीला ती हसते. आणि तरी तो गेली कित्येक वर्षं दर पंधरवड्याला ते सूप पिऊन येतो आणि दुसरी वाटी मागतो.

"मग तुम्ही तिला सांगणार आहात का की जाऊ नकोस?" दामियानाने विचारलं.

"मी नाही. तू."

दामियानाने गाडीच थांबवली.

"आपा, मी तुमची मुलगी आहे. तुमचा बाप नाही."

त्यावर नाबोरने आपली अडचण सांगितली, आणि ती अडचण खरी होती. त्या डोंगरात मुलाने मुलीला स्वतः विचारायची पद्धत नाही. घरातली वडीलधारी माणसं मुलीच्या घरी जातात, कॉफी पितात, पावसापाण्याचं बोलतात आणि उठता उठता विषय काढतात. दामियानाच्या आईला, क्रेसेन्सियाला, नाबोरच्या वडिलांनी मागणी घातली होती. नाबोर तेव्हा अंगणात खेचरांना धरून उभा होता. आता त्याच्यासाठी जाणार कोण? घळीतला सगळ्यात वडीलधारा माणूस तो स्वतःच होता. दुसऱ्यांच्या मुलांसाठी तो दहा घरी जाऊन आला होता, स्वतःसाठी कसं बोलतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दामियानाला हसू आलं, पण बापाचा चेहरा बघून तिने ते गिळलं. तिने विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. तुझ्या आईच्या जागी कुणी म्हणून तुला काय वाटेल, असं तो पुटपुटला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "संध्याकाळी शेळ्या आत घेतल्या की माझं बोलणं संपतं. सकाळी त्यांना बाहेर काढेपर्यंत तोंड उघडत नाही. त्या बाईच्या खानावळीत बसलं की मला बोलावंसं वाटतं. बोलत नाही मी. पण वाटतं."

दामियानाने गियर टाकला. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली की आईला राग आला नसता, आईला खारट सूप आवडायचं. आणि बोलायचं तुम्हालाच, मी फक्त वेळेत पोचवते.

पहिलं घर लागलं ते दोन्या त्रिनिदादचंच. म्हातारी वाटेत मधोमध उभी होती आणि हातातला मोठा डाव डोक्यावर नाचवत होती. त्या घळीत दारावरून जाताना कॉफीला न थांबणं म्हणजे थोबाडीत मारल्यासारखं. पण आज इलाज नव्हता. नाबोरने खिडकीतून टोपी काढून परतताना येतो असं ओरडून सांगितलं आणि दामियानाने गाडी म्हातारीच्या बाजूने काढली. "केवढा जीव लावते बघ," नाबोर म्हणाला. मागे त्रिनिदाद काय म्हणत होती ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. भोळी हा शब्द त्यात होता, एवढं मी खात्रीने सांगतो.

पुढच्या प्रत्येक घराबाहेर माणसं उभी. कुणी हात हलवत होतं, कुणी कानाला मूठ लावून काहीतरी खुणावत होतं, एका कुंपणावर तर अख्खं कुटुंब रांगेत बसलं होतं. एका माणसाने गाडीबरोबर धावत धावत सीटकडे बोट दाखवलं. नाबोरला वाटलं तो चीज मागतोय. त्याने खोक्यावर हात ठेवून मान हलवली की नाही, हे दुसऱ्याचं आहे. त्या हाताने खोकं माइकवर आणखी पक्कं बसलं. आज लोक फार प्रेमात आलेत, असं नाबोर म्हणाला, आणि तेही सगळ्यांनी ऐकलं.

घळीचं तोंड उघडलं तसा समोर पांढरा माळ आणि त्याच्या टोकाला धुक्याची पट्टी दिसली. धुकं म्हणजे समुद्र. दामियानाने उतरून चारी टायरांची थोडी हवा काडीने सोडली, टायर फुगीर असले तर वाळूत रुततात म्हणून. माळावरून गाडी सुसाट निघाली. नाबोर आता तोंडातल्या तोंडात वाक्यं घोळवत होता. 'दोन्या एर्मेलिंदा, हवा बरी आहे' असं सुरू करावं, की सरळ मुद्द्यावर यावं? दामियानाने सांगितलं की हवेचं काही बोलू नका, नाही तर हवेतच अडकाल. त्याने तिसरं एक वाक्य म्हणून बघितलं. ते इतकं लांब झालं की शेवट येईपर्यंत त्याला सुरुवात आठवेना.

किनाऱ्यावर आले तेव्हा ओहोटी संपून पाणी नुकतंच वळलं होतं. ओली, घट्ट वाळू अजून होती, पण तिची पट्टी अरुंद होत चालली होती. दामियाना पाण्याला बिलगून गाडी पळवत होती, डाव्या चाकांवर फेस उडत होता. ती मजेत होती. गाडी तिच्या हातात होती, पेलिकन पुढे पुढे उडत होते आणि मिठाचा वारा खिडकीतून सरळ आत येत होता. नाबोरने मात्र दर लाटेगणिक वर घे, वर घे, असा घोशा लावला. दामियाना म्हणाली की वरची वाळू मऊ आहे. तो म्हणाला की मी या वाटेने तुझ्या जन्माआधीपासून येतोय. शेवटी तिने कंटाळून गाडी वर घेतली आणि ती पोटापर्यंत रुतली.

दोघं उतरली. दामियानाने फावडं काढलं, त्याने हातांनी वाळू उपसायला सुरुवात केली. चाकांखाली फळ्या घातल्या, तर फळ्याच आत गेल्या. लाट एकदा मागच्या चाकाला शिवून गेली. मागे, ज्या वाटेने ते आले होते तिथे, कड्याला पाणी लागलं होतं. नाबोर वाळूत गुडघे टेकून बसला. त्याच्या डोळ्यांपुढे बर्फाची गाडी निघत होती आणि तिच्यात ती बाई बसली होती, आणि तिला कधीच काही कळणार नव्हतं. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"वस्तीवर कळवते," म्हणून दामियानाने गाडीत हात घातला. खोकं उचललं आणि तिचा हात तसाच थांबला. माइकचं बटण टक् करून वर आलं. त्याबरोबर रेडिओतून वीस-पंचवीस आवाज एकदम फुटले. त्यात त्रिनिदादचा सगळ्यात मोठा होता.

आणि दामियाना काही बोलायच्या आतच वळणावरून होड्या पाण्यात ढकलायचा ट्रॅक्टर धडधडत आला. त्यावर तीन मासेमार बसले होते. त्यांचा म्होरक्या चानो मेसा साखळी घेऊन खाली उतरला. "दॉन नाबोर, मऊ वाळू म्हणून पोरगी सांगत होती ना," तो म्हणाला. नाबोरच्या ते ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो हळूहळू लाल होत गेला, कानांपासून सुरुवात करून.

"सगळं ऐकलंत?"

"पायऱ्यांपाशी नीट येत नव्हतं. ताडांच्या डबक्यापासून पुढचं स्वच्छ आलं." चानोने साखळी अडकवली. "सुपाचं तुम्ही बोललात ते बरं झालं. आमची कुणाची हिंमत नव्हती."

नाबोर म्हणाला की मी घरी जातो. चानोने त्याला मागचा समुद्र दाखवला. ट्रॅक्टरने पिकअप ओढून काढली आणि ट्रॅक्टर पुढे, पिकअप मागे अशी ही वरात पुन्ता सेकाकडे निघाली. आता माइक दामियानाच्या मांडीवर होता आणि तिने बटणावर बोट ठेवलेलं नव्हतं. नाबोर डोळे मिटून बसला होता. पण लाजेचा पहिला भर ओसरल्यावर त्याला एक गोष्ट सुचली आणि त्याचा चेहरा उजळला. तिच्या खानावळीतही रेडिओ होता. म्हणजे तिनेही सगळं ऐकलं असणार. म्हणजे बोलायचं काम झालं होतं. एका चीजच्या खोक्याने वडीलधाऱ्यांचं काम उरकून टाकलं होतं. आता फक्त टोपी हातात घेऊन उभं राहायचं. त्याने हे दामियानाला सांगितलं तेव्हा तो जवळजवळ हसत होता.

वस्तीवर सगळे होड्यांच्या छपराखाली जमले होते. तिथे मोठा रेडिओ होता. पिकअप आली तसे सगळे उठून खानावळीकडे वळले, बायका तोंडावर हात धरून हसत, पुरुष उगाच समुद्राकडे बघत. बर्फाची गाडी भरून तयार होती, आत मासे, शेवंडं आणि वर एर्मेलिंदाची खोकी बांधलेली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, पण निघायचं नाव काढत नव्हता. बर्फ वितळत होता.

खानावळीच्या दारात दोन्या एर्मेलिंदा आली. ओल्या हातांनी, बाह्या सारलेल्या, आणि रागावलेली. नाबोर टोपी काढून तिच्यापुढे उभा राहिला.

"ऐकलंत ना सगळं," तो म्हणाला.

"काय ऐकायचंय? रेडिओ कालच खोक्यात बांधला. सकाळपासून एकटी भांडी घासतेय." तिने त्याच्या खांद्यावरून बाकीच्यांकडे पाहिलं. "इतकी वर्षं यांना रांधून घातलं. आज निघायच्या दिवशी एक जण फिरकला नाही. आता आलेत सगळे, तमाशा बघायला."

सगळ्यांना वाटलं होतं की बाई आतल्या आत ऐकत असेल आणि लाजून बाहेर येत नसेल, म्हणून तिच्याकडे जायला कुणी धजावलं नव्हतं. अख्ख्या घळीने ऐकलं होतं, किनाऱ्याने ऐकलं होतं, डोंगरापलीकडच्या दोन शेळीपालकांनी ऐकलं होतं. एकीलाच माहीत नव्हतं. चानोने घसा खाकरला. दामियाना एक पाऊल पुढे आली आणि तिने तोंड उघडलं, कारण बापाला टोपी हातात धरून तसं उभं तिला बघवेना.

नाबोरने हात आडवा करून तिला थांबवलं.

त्याने घोळवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. "दोन्या एर्मेलिंदा," तो म्हणाला, "चीजचं निमित्त होतं. मी तुमच्यासाठी येत होतो. मला विचारायला पाठवायला कुणी राहिलं नाही, म्हणून मीच विचारतो. माझ्याशी लग्न कराल का?" मग त्याला वाटलं की सगळं सांगून टाकलेलं बरं, कारण बाकीच्यांना माहीतच होतं. "सूप खारट असतं. ते मला चालतं."

एर्मेलिंदाने हात पुसायला फडकं घेतलं आणि हात कोरडे झाले तरी ती पुसतच राहिली. ती कधी गप्प झालेली वस्तीने पाहिली नव्हती. शेवटी म्हणाली, "इतके दिवस कुठे होता हो तुम्ही?"

"इथेच. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर."

कुणीतरी हसलं आणि बायकोने त्याला कोपर मारलं. एर्मेलिंदाने फडकं खांद्यावर टाकलं. तिची ना नव्हती, हे तिने सगळ्यांदेखत सांगितलं. पण मुलाला शब्द दिला होता, सून बाळंतपणाला टेकली होती, तेव्हा एन्सेनादाला जाणं भाग होतं, बाळ जरा मोठं झालं की ती परत येईल. आणि एक गोष्ट आताच होणं भाग होतं. "माझ्या मुलाला हे बर्फाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळता कामा नये," ती म्हणाली. "तुम्ही चला. त्याच्यापुढे उभं राहून सांगा. पुढच्या सीटवर तिघं मावतात."

एन्सेनादा म्हणजे वस्तीमागच्या रस्त्याने दिवसभराची वाट. नाबोर त्या दिशेला पुन्ता सेकापलीकडे कधी गेला नव्हता. शेळ्या होत्या, अंगावर वाळूने माखलेला सदरा होता. त्याने दामियानाकडे पाहिलं. तिने नुसती गाडीची किल्ली वर करून दाखवली, म्हणजे शेळ्या माझ्याकडे. मग तिने चीजचं खोकं आणून बापाच्या हातात दिलं, पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून, आणि त्याच्या सदऱ्यावरची वाळू झटकली. ती झटकायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

ड्रायव्हर, एर्मेलिंदा मधे आणि खिडकीशी नाबोर, मांडीवर खोकं. गाडी सुरू झाली तशी सगळी थरथरायला लागली, खिडक्यांच्या काचा, सीट, खोक्यातलं चीज. वस्ती मागे पडली. एर्मेलिंदाने खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी केली.

"दॉन नाबोर," ती म्हणाली, "तिथे सगळे उभे होते, मी गोंधळले. नीट ऐकलं नाही मी. परत सांगा."

ड्रायव्हरने मान सरळ ठेवून रस्त्याकडे डोळे लावले. नाबोरने परत सांगितलं, आणि इंजिनाचा आवाज मोठा होता म्हणून या वेळी जरा मोठ्याने सांगितलं.